उड्डाण प्रशिक्षकांना खुलं पत्र: कार्ब हीट ओढल्यानंतरचं अर्धं मिनिट शिकवा

सप्रेम नमस्कार,

एका इंजिनाच्या छोट्या विमानांवर नवशिक्यांना उडायला शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्र आहे. मी वैमानिक आहे, कार्ब्युरेटरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) चालणारी विमानं उडवतो आणि अपघातांचे तपास अहवाल नेमाने वाचतो. या अहवालांत एकच निष्कर्ष थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटतो: इंजिनात यांत्रिक दोष आढळला नाही, मात्र त्या वेळचं हवामान कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्यास अनुकूल होतं. विमान शेतात किंवा झाडांत पडलेलं असतं. टाकीत इंधन असतं, प्लग ठीक असतात, प्लगना ठिणगीसाठी वीज पुरवणारे मॅग्नेटो ठीक असतात. तेच इंजिन चाचणीसाठी चालवून पाहिलं तर सुरळीत चालतं, पूर्ण ताकद देतं. ज्याने ते बंद पाडलं त्याचं तोवर पाणी झालेलं असतं आणि ते पाणीही वाळून गेलेलं असतं. अनुकूल होतं यापलीकडे तपासनीस तरी काय लिहिणार?

अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने या एकाच विषयावर स्वतंत्र सुरक्षा सूचना काढली आहे. 2000 ते 2011 या काळात सुमारे 250 अपघातांमध्ये कार्ब्युरेटरमधला बर्फ हे कारण किंवा कारणांपैकी एक होतं, असं त्यात म्हटलं आहे. हा आजार नवा नाही आणि औषधही नवं नाही. औषध म्हणजे कार्ब हीट, कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी सोय. तिचा नॉब वैमानिकाच्या हाताशी असतो, तो रोज रनअपमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीत, ओढून पाहिला जातो, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो आणि विद्यार्थी त्याचं उत्तरही बरोबर लिहितात. तरीही माणसं मरतात. माझ्या मते याचं एक मोठं कारण आपल्या शिकवण्यात आहे. नॉब कुठे आहे आणि कधी ओढायचा हे आपण सांगतो. ओढल्यानंतर इंजिन काय करतं आणि त्या वेळी हाताने काय करायचं नाही, हे सांगत नाही.

आधी शास्त्राचं थोडं बोलतो. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण विद्यार्थ्यापर्यंत ते कोणत्या रूपात पोचतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडावर स्पिरिट चोळते तेव्हा कातडी गार पडते. कार्ब्युरेटरच्या घशात तेच घडतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूच्या हवेतून आणि धातूतून उष्णता ओढून घेतं. त्यात अरुंद घशातून जाताना हवेचा दाब उतरतो, तेव्हा ती आणखी गार होते. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था असलेल्या एफएएच्या वैमानिकांसाठीच्या पुस्तिकेत ही घसरण 60 ते 70 फॅरनहाइट अंशांपर्यंत, म्हणजे साधारण 33 ते 39 सेल्सिअस अंशांपर्यंत जाऊ शकते असं दिलं आहे. म्हणजे बाहेर 30 अंशांचं ऊन असताना थ्रॉटलच्या, म्हणजे आत जाणाऱ्या हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, पाकळीजवळ शून्याखालचं तापमान असू शकतं. त्याच पुस्तिकेनुसार बाहेर 38 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असतानाही बर्फ धरू शकतो.

आता पाण्याचा हिशोब करू. सेस्ना 150 मधलं कॉन्टिनेन्टल ओ-200 इंजिन 201 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 3.3 लिटरचं आहे. 2500 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांवर, ते मिनिटाला ढोबळमानाने तीन घनमीटर हवा आत घेतं. 25 अंश तापमानाच्या दमट हवेत दर घनमीटरमागे सहज 20 ग्रॅम पाण्याची वाफ असते. म्हणजे दर मिनिटाला सुमारे 60 ग्रॅम पाणी त्या घशातून जातं. त्यातलं थोडंसं जरी पाकळीच्या कडेला चिकटून राहिलं तरी काही मिनिटांत वाट निम्मी होते. हा हिशोब फळ्यावर मांडा. 'दमट हवेत बर्फ होऊ शकतो' हे वाक्य विद्यार्थी विसरतो, 60 ग्रॅम विसरत नाही.

या हिशोबामुळे एक मोठा गैरसमजही सुटतो. कार्ब्युरेटरमधला बर्फ हा कडाक्याच्या थंडीचा आजार आहे असं पुष्कळ नवे वैमानिक धरून चालतात. खरं तर फार थंड हवेत वाफच कमी असते आणि असलेलं पाणी बहुतेक वेळा आधीच गोठलेलं असतं. ते न चिकटता पुढे निघून जातं. धोक्याचे दिवस वेगळे दिसतात: पाऊस नुकताच थांबलेला, गवत ओलं, हवा उबदार आणि उडायला अगदी छान. तापमान 25, दवबिंदू 20, आकाश निरभ्र. विमानाच्या पंखावर बर्फाचा कण नाही, काचेवर नाही, मग तो इंजिनात असेल हे डोक्यात येणार कसं? म्हणून उड्डाणापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये वाऱ्याबरोबर तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर विद्यार्थ्याकडून मोठ्याने वदवून घ्या आणि तक्त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. एफएएने 2009 मध्ये काढलेल्या माहितीपत्रकात हा तक्ता आहे. क्रूझमध्ये, म्हणजे सरळ स्थिर उड्डाणात, धोका किती आणि थ्रॉटल मागे घेऊन खाली येताना किती, हे त्यात वेगवेगळं दाखवलं आहे. 25 आणि 20 हा बिंदू त्या तक्त्यावर कुठे पडतो ते एकदा पाहिलेला माणूस सुंदर हवेवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

खाली येतानाचा धोका जास्त का, यावर मात्र एक पूर्ण तास खर्च करण्यासारखा आहे.

थ्रॉटल मागे घेतला की पाकळी जवळजवळ मिटते. कडेला एक बारीक फट उरते आणि सगळी हवा त्या फटीतून जोराने खेचली जाते. गारवा सर्वात जास्त तिथेच असतो, आणि वाट तिथेच सर्वात अरुंद असते. भर रुंदीच्या वाटेत जो बर्फ जाणवलाही नसता, तो या फटीला बूच लावतो. शिवाय विद्यार्थ्याला कळायला काही मार्ग नसतो. क्रूझमध्ये आरपीएम 150 ने घसरला तर कान टवकारतात. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असताना, आरपीएम आधीच खाली असतो, पंख्याला समोरची हवाही फिरवत असते, आवाज तसाही बारीक असतो. उतरण्याआधी डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर जाताना, थ्रॉटल मागे घेतला, बेसवर वळला, धावपट्टीसमोर फायनलला आला, सगळं ठीक वाटतं. मग विमान थोडं खाली बसतंय म्हणून तो थ्रॉटल पुढे ढकलतो आणि काहीच होत नाही. तोवर उंची संपलेली असते. मिनिटभर आयडलवर राहिल्याने एक्झॉस्टही गार झालेला असतो. आता कार्ब हीट ओढली तरी तिच्यात ऊब उरलेली नसते, कारण ही गरम हवा येते ती एक्झॉस्टच्या मफलरभोवतीच्या वेष्टनातून. औषध बनवणारा कारखाना रोग्यावरच चालतो. रोगी झोपला की कारखाना बंद.

म्हणून थ्रॉटल मागे घेण्याआधी कार्ब हीट ओढायची. आधी, नंतर नाही. इंजिन अजून तापलेलं असतानाच मार्ग कोरडा करायचा. उतरताना अधूनमधून थ्रॉटल थोडा पुढे नेऊन इंजिन गरम ठेवायचं आणि ते उत्तर देतंय ना, हेही तपासायचं.

क्रूझमधली लक्षणं तुम्ही शिकवताच, तरी एका सवयीकडे लक्ष वेधतो. पात्यांचा कोन न बदलणाऱ्या, स्थिर पिचच्या पंख्याचा आरपीएम हळूहळू उतरतो, इतका हळू की विद्यार्थी नकळत थ्रॉटल बोटभर पुढे सारतो. पाच मिनिटांनी पुन्हा सारतो. त्याला वाटतं, थ्रॉटलचा घर्षण नट सैल असेल किंवा विमान खाली जाणाऱ्या हवेत सापडलं असेल. दुसऱ्यांदा थ्रॉटल सारला की पुढचा हात कार्ब हीटवर गेला पाहिजे, हा नियम त्याच्या अंगात मुरवा. स्थिर वेगाचा पंखा असेल तर पात्यांचा कोन बदलणारा गव्हर्नर आरपीएम जागेवर धरून ठेवतो आणि खोटा दिलासा देतो. तिथे मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, उतरतं. त्या प्रकारच्या विमानावर जाणाऱ्या प्रत्येकाला नजर कुठे हलवायची हे नव्याने सांगावं लागतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येतो.

बर्फ नसताना कार्ब हीट ओढली तर आरपीएम साधारण शंभर-दीडशेने उतरतो आणि तिथेच थांबतो. गरम हवा विरळ असते, मिश्रण गडद होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं, ताकद थोडी जाते. रनअपमध्ये विद्यार्थी रोज हेच पाहतो: नॉब ओढला, काटा उतरला, नॉब परत आत, काटा वर, पुढची पायरी. दोन सेकंदांचं काम. शेकडो वेळा हे केल्यावर त्याच्या मनात एकच चित्र पक्कं होतं, की कार्ब हीट म्हणजे काटा थोडा उतरणं.

बर्फ असताना ओढली तर काय होतं? काटा आधी उतरतो, जास्तच उतरतो. मग बर्फ सुटायला लागतो आणि त्याचं पाणी थेट सिलिंडरांत जातं. इंजिन गचके खातं, फटके मारतं, अख्खं विमान हलतं. जे इंजिन आतापर्यंत फक्त थकल्यासारखं वाटत होतं ते आता मरतंय असं वाटतं. ही अवस्था काही सेकंद टिकते. बर्फ जास्त असेल तर अर्धं मिनिट किंवा त्याहूनही अधिक. त्यानंतर काटा वर चढू लागतो. मार्ग मोकळा झाल्यावर नॉब आत ढकलला की आरपीएम सुरुवातीला होता त्यापेक्षा वर जातो. बर्फ होता याचा तोच पुरावा.

आता त्या काही सेकंदांत बसलेल्या, पन्नास-साठ तासांचा अनुभव असलेल्या वैमानिकाचा विचार करा. इंजिन बरं नव्हतं म्हणून त्याने एक नॉब ओढला आणि इंजिन प्रचंड बिघडलं. कुठलाही शहाणा माणूस काय करेल? आपण आत्ता जे केलं ते उलटं करेल. नॉब आत ढकलेल. गचके कमी होतील, त्याला वाटेल आपण वाचलो, आणि अर्धवट सुटलेल्या बर्फावर नवा बर्फ धरू लागेल. त्या मुलाचं धैर्य कमी पडलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या हाताने तेच केलं जे आयुष्यभर इतर सगळ्या यंत्रांनी त्याला शिकवलं होतं. या एका प्रतिक्षेपाविरुद्ध त्याला तयार करणं हे प्रशिक्षकाचं काम आहे. तोंडी सांगून ते होत नाही, कारण भीतीच्या क्षणी ऐकलेलं आठवत नाही, हाताला लागलेलं वळण आठवतं.

हे वळण कसं लावायचं, यासाठी एक सराव सुचवतो. धावपट्टीवर तरंगत परत येता येईल इतकी उंची घ्या. विद्यार्थ्याला पूर्ण कार्ब हीट ओढायला सांगा आणि हात नॉबवरच ठेवायला सांगा. दर पाच सेकंदांनी त्याने आरपीएम मोठ्याने वाचायचा, पूर्ण अर्धं मिनिट. कोरड्या दिवशी तो '2400, 2300, 2300, 2300' असं वाचेल. कंटाळवाणं वाटेल, वाटू द्या. कोरड्या घशाचा नमुना त्याच्या डोक्यात बसतोय. दमट दिवशी नशीब असेल तर खरा बर्फ सापडेल, आकडे खाली जाऊन वर येतील, आणि तो धडा तो विसरणार नाही. खरा बर्फ मागवता येत नाही, म्हणून उरलेले दिवस तोंडी अभिनय करा: 'इंजिन हादरतंय, काटा 2000 वर, हादरतंय, हादरतंय.' तो हात नॉबवरून हलला की सराव पुन्हा पहिल्यापासून. त्या तीस सेकंदांत दुसऱ्या हाताला आणि डोळ्यांना काम द्या: तरंगण्याचा सर्वोत्तम वेग धरणं, शेत निवडणं, वारा पाहणं. नुसतं थांबणं माणसाला जमत नाही, काम असलं की थांबता येतं.

अर्धवट ओढण्याची सवयही मोडा. कार्ब्युरेटरच्या तापमानाचा काटा नसलेल्या विमानात निम्मी कार्ब हीट घेणं धोक्याचं आहे. बाहेर फार गार हवा असेल तर जे कण न चिकटता निघून गेले असते, त्यांना आपण नेमकं चिकटण्याजोग्या तापमानाला आणून ठेवतो. पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर, विद्यार्थ्यासाठी तिसरी जागा नाही. तापमानाचा काटा बसवलेला असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर साधारण उणे 15 ते अधिक 5 अंशांचा पिवळा पट्टा असतो आणि काटा त्याबाहेर ठेवायचा असतो. प्रशिक्षणाच्या विमानांत तो काटा असावा असं मला मनापासून वाटतं.

तुमच्यापैकी काहींचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते खोटे नाहीत. कार्ब हीटने ताकद जाते, म्हणून ती ओढलेली राहिली आणि ऐन वेळी गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढणं) करावा लागला तर चढ कमी मिळतो. खरं आहे. म्हणून गो-अराउंडचा क्रम पक्का हवा: थ्रॉटल पूर्ण पुढे आणि लगेच कार्ब हीट आत. ही हवा फिल्टरमधून येत नाही, म्हणून धुळीच्या जमिनीवर ती जास्त वेळ ओढू नये, हेही खरं. पूर्ण ताकदीवर गरम हवा देत राहिलं तर इंजिनात डिटोनेशनचा, म्हणजे मिश्रणाचा एकदम स्फोट होण्याचा, धोका असतो, म्हणून टेकऑफला ती आतच हवी. या सगळ्यातून एवढंच निघतं की कार्ब हीट कधी आत ढकलायची हेसुद्धा नीट शिकवायला हवं. ओढायची भीती घालावी, असं यातून निघत नाही.

विमानागणिक पद्धत बदलते, हा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. ओ-200 सारख्या कॉन्टिनेन्टल इंजिनांत कार्ब्युरेटर इंजिनाच्या उबेपासून दूर असतो आणि बर्फ लवकर धरतो. चेरोकी विमानातल्या लायकमिंग इंजिनात तो गरम तेल साठवणाऱ्या संपला जोडलेला असतो, म्हणून त्याला थोडं संरक्षण मिळतं. त्यामुळे छोट्या सेस्नांची पुस्तिका थ्रॉटल मिटण्याआधी कार्ब हीट ओढायला सांगते, तर चेरोकीची पुस्तिका बर्फाचं लक्षण दिसल्याशिवाय ती वापरू नका असं सांगते. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. पण चेरोकीवर शिकलेला माणूस तीच सवय घेऊन सेस्ना 150 मध्ये बसला की काय होईल? आणि इंधन इंजेक्शनच्या विमानावर परवाना घेतलेला, कार्ब हीटचा नॉब कधी न पाहिलेला माणूस मित्राच्या जुन्या विमानात बसला तर? विमान बदलताना वेग, फ्लॅप आणि इंधनाचा खटका जसा समजावून देता, तसं या विमानाचा कार्ब्युरेटर कुठे बसलाय हेही काऊल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून बोटाने दाखवा. दोन मिनिटं लागतात.

जमिनीवरची एक गोष्टही राहायला नको. ओल्या गवतावरून आयडलवर टॅक्सी करत गेलं, रांगेत पाच-सात मिनिटं थांबलं, तर टेकऑफच्या आधीच बर्फ धरलेला असू शकतो. रनअपमध्ये घेतलेली तपासणी तोवर जुनी झालेली असते. अशा दिवशी धावपट्टीवर वळण्याआधी आणखी एकदा, निदान 15 सेकंद पूर्ण कार्ब हीट द्या, मग आत ढकला आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर आरपीएम अपेक्षेइतका आला का ते धावतानाच पाहा. नाही आला तर थांबा.

शेवटची विनंती नोंदींबद्दल. हवेत गचके खाऊन सावरलेलं इंजिन, उतरल्यावर सगळं ठीक, म्हणून कुणी काही लिहीत नाही. पुढच्या विद्यार्थ्याला तेच विमान त्याच हवेत मिळतं. असं काही घडलं की त्या दिवशीचं तापमान, दवबिंदू, उंची, थ्रॉटलची स्थिती, काटा किती उतरला आणि कार्ब हीट ओढल्यावर किती वेळाने परत आला, हे सगळं विमानाच्या नोंदवहीत आणि तुमच्या संस्थेच्या सुरक्षा फलकावर लिहा. विद्यार्थ्यांनाही लिहायला लावा आणि त्यासाठी त्यांना रागावू नका. बर्फ स्वतःचा पुरावा मागे ठेवत नाही, तेव्हा तो आपणच ठेवायला हवा.

आपला,
कार्ब्युरेटरचं विमान उडवणारा एक वैमानिक